उजवीकडून वाचायचा पत्ता

सरकार शुद्ध मराठी लिहितं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या समजुतीपायी आमच्या नीरजाची बारावीची मूळ गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि जन्माचा दाखला असे तिन्ही कागद एका चोराच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने रवाना झाले. पाकीट मी स्वतः चिकटवलं होतं, आणि पत्ता माझ्या उत्तम हस्ताक्षरात होता. गोष्ट २००७ सालची आहे. आता सांगायला हरकत नाही.

मी चिंतामणी आठल्ये. हायस्कुलात मराठी शिकवण्यात तेव्हा माझी सत्तावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं वह्या तपासल्यावर माणसाचा डोळा बिघडतो. लग्नाची पत्रिका हातात आली की मी आधी मुहूर्त बघत नाही, ‘कृपाभिलाषी’ बघतो. आमच्या हिला, म्हणजे उमाला, याचा त्रास होतो. एकदा तिच्या माहेरून आलेल्या पत्रावर मी सवयीने लाल खुणा केल्या होत्या. तो विषय आमच्या घरात अजून निघतो.

नीरजाला समुद्राचा तळ मोजायचा होता. हे तिच्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे. आमच्या घराण्यात आजवर कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलं नाही. पण बंदरात कुठे किती खोल आहे, गाळ किती साचला, हे मोजून नकाशे करणारी माणसं असतात, आणि ते शिकवणारी ‘जलमापन प्रशिक्षण संस्था’ सरकारने नुकतीच काढली आहे, हे तिला कुठूनसं कळलं होतं. बारावीचा निकाल लागला आणि आठवड्याभरात वर्तमानपत्रात त्या संस्थेची जाहिरात आली. उमाने ती बघितली, आनंदाने बाजूला ठेवली आणि संध्याकाळी नीरजाला दाखवायला काढली, तेव्हा जाहिरातीच्या खालच्या अर्ध्या भागात एक चौकोनी भोक होतं.

ते भोक मी पाडलं होतं. पाठच्या पानावर शब्दकोडं होतं. मी ते रोज कापून शाळेत नेतो.

जे उरलं होतं त्यात संस्थेचं नाव होतं, ‘प्रवेश सुरू’ होतं, वीस जुलै ही शेवटची तारीख होती आणि ‘अर्ज संकेतस्थळावर उपलब्ध, पत्ता : जलमापन’ इतकं होतं. पुढचं कोड्याबरोबर गेलं होतं. मी ताबडतोब वाचनालयात गेलो. तिथल्या अंकालाही नेमकं तिथेच भोक होतं. गावात आणखी कुणी कोडं सोडवतं, हे कळून एरवी मला बरं वाटलं असतं.

“बाबा, राहू दे,” नीरजा म्हणाली. “सदूदादाकडे जाऊन शोधू. नाव तर आहे.”

सदूचा पूर्वी मांडवीत एसटीडी बूथ होता. मोबाइल आल्यावर त्याने त्याच खोक्यात तीन संगणक बसवले आणि पाटीवरचं ‘एसटीडी’ खोडून ‘सायबर’ लिहिलं. त्याने ‘जलमापन’ टंकलं, आणि एकाऐवजी दोन संस्था निघाल्या. दोन्हींचं नाव एकच. पहिलीचा पत्ता ‘जलमापन डॅश जीओव्ही डॉट कॉम’, दुसरीचा ‘जलमापन डॉट जीओव्ही डॉट इन’.

पहिली चटकन उघडली. निळा समुद्र, त्यावर चालणारं जहाज, वर तिरंगा आणि खाली ‘अधिकृत संकेतस्थळ’ अशी सोनेरी अक्षरं. दुसरी उघडायला अकरा मिनिटं लागली. उघडली तेव्हा अर्ध्या अक्षरांच्या जागी चौकोन होते आणि ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना होती. फॉन्ट उतरवायला आणखी वीस मिनिटं. तेवढ्यात वीज गेली. ती परत आल्यावर सदूने आम्हाला दोन्ही पानं छापून दिली.

ही बातमी घरी पोचायच्या आत शेजारी पोचली. शेजारचे यज्ञेश नेने बँकेतून निवृत्त झाल्यापासून सल्ले देण्याचं काम पूर्ण वेळ करतात. ते गच्चीवरूनच म्हणाले, “चिंतामणराव, जी उघडत नाही ती सरकारची. मी तीस वर्षं सरकारशी व्यवहार केलाय. इतक्या चटकन जो दार उघडतो तो सरकार नव्हे.”

पलीकडच्या मालनवहिनींचं म्हणणं उलट होतं. त्यांनी आम्ही छापून आणलेली दोन्ही पानं चष्मा लावून बघितली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. “ही खरी. ह्यात साहेबाचा फोटो आहे. टाय आहे.”

दोघांच्या विचारपद्धती मला अशास्त्रीय वाटल्या. मी दोन्ही पानं घेऊन माझ्या टेबलाशी बसलो आणि लाल पेन उघडलं.

पहिल्या पानात एक चूक नव्हती. ‘सूचना’तला सू दीर्घ, ‘प्रक्रिया’तला क्रि ऱ्हस्व, ‘विद्यार्थ्यांनी’वर अनुस्वार जागच्या जागी. अर्धविरामसुद्धा होता, आणि तो बरोबर वापरला होता. सत्तावीस वर्षांत मी असे विद्यार्थी चारच बघितले. दुसऱ्या पानावर मात्र ‘सुचना’, ‘प्रक्रीया’, ‘विद्यार्थ्यानी’, आणि एके ठिकाणी ‘जलमपान’ असं स्वतःच्या संस्थेचं नावसुद्धा चुकलेलं. एकूण बासष्ट चुका. मी त्याला शंभरपैकी अडतीस गुण दिले आणि निकाल जाहीर केला.

“पहिली खरी. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ती संस्था सरकारी कशी असेल?”

नीरजाने पानं हातात घेतली. “पण बाबा, हिच्या शेवटी डॉट कॉम आहे. दुसरीच्या शेवटी जीओव्ही डॉट इन.”

“शेवटी प्रत्यय असतात. अर्थ मूळ शब्दात असतो.”

“विभक्ती प्रत्ययावरूनच कळते, असं तुम्हीच शिकवलंत. ‘रामाने’ आणि ‘रामाला’ यात मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, ते शेवटावरूनच कळतं.”

मी तिला सांगितलं की व्याकरण आणि संगणक यांची गल्लत करू नये. हे वाक्य मी आयुष्यात परत म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोन दिवसांसाठी वेळणेश्वरला माझ्या बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, “मी आल्यावर नीट तपासू. तोवर काही करू नका.” बापाला असं सांगणं मला जरा लागलं. आपण काही लहान नाही. तपासायचंच तर आपणही तपासू शकतो, म्हणून मी पहिल्या संकेतस्थळावर दिलेला नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस काय बोलायचा! “नमस्कार. आपली शंका रास्त आहे. अलीकडे बनावट संस्थांचा सुळसुळाट झाला आहे. मात्र आपण निश्चिंत असावं, आम्हीच अधिकृत आहोत.” ‘मात्र’ हा शब्द इतक्या योग्य जागी मी फोनवर कधी ऐकला नव्हता. त्याने सांगितलं की जागा थोड्या आहेत, तेव्हा मूळ कागद लगेच पाठवावेत, पडताळणी होऊन आठवड्यात परत येतील. पत्ता म्हणून मुंबईजवळच्या एका उपनगरातला पोस्ट पेटी क्रमांक दिला. त्याने माझ्या भाषेचं कौतुकही केलं. शनिवारी दुपारी मी पाकीट टाकून आलो.

रविवारी संध्याकाळी नीरजा आली. मी तिला उत्साहाने सगळं सांगितलं. तिने पोस्टाची पावती मागून घेऊन वाचली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही खात्री कुणाकडे केलीत?”

“त्यांच्याकडेच. त्यांच्याच नंबरवर.”

“म्हणजे ज्याच्यावर संशय, त्यालाच विचारलंत, तू चोर आहेस का म्हणून.”

उमा आतून बाहेर आली. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. रात्री आमटीत मीठ नव्हतं, तरी मी ती वाढून घेतली आणि संपवली.

सोमवारी नीरजा मला जिल्ह्याच्या कचेरीत संगणक विभागात घेऊन गेली. ‘घेऊन गेली’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. त्या कचेरीत माझे निदान सहा विद्यार्थी कारकून आहेत, आणि सहाही जण जिन्यात भेटले. प्रत्येकाने विचारलं, “सर, इकडे कुठे?” प्रत्येकाला मी म्हटलं, “सहज.”

विभागात राही साळवी नावाच्या बाई होत्या, तिशीच्या, शांत. त्यांनी दोन्ही पानं बघितली आणि मला विचारलं, “सर, तुमचा घरचा पत्ता सांगा.”

“चिंतामणी आठल्ये, मांडवी, रत्नागिरी, महाराष्ट्र.”

“सगळ्यात मोठं कुठे आलं? शेवटी. संकेतस्थळाचंही तसंच. पत्ता उजवीकडून वाचायचा. शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असेल, तर ते नाव फक्त सरकारी कचेऱ्यांना मिळतं, बाहेरच्याला घेताच येत नाही. डॉट कॉम मात्र कुणीही घेऊ शकतो. त्याच्या आधी डॅश टाकून जीओव्ही लिहिलं, तर ते नुसतं सजवलेलं नाव. उद्या कुणी ‘कलेक्टर पान भांडार’ काढलं, तर आपण त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागायला जातो का?”

मी म्हटलं, “पण त्यांचं शुद्धलेखन...”

“सर, फसवायचं असेल तर माणूस नीट लिहितो. त्याला तेवढंच काम असतं. तो मूळ कागद अडकवून ठेवतो आणि मग परत देण्यासाठी एकेक मागणी सुरू करतो.” मग त्या नीरजाकडे वळल्या. “संस्थेचा नंबर संकेतस्थळावरून घेऊ नकोस. टेलिफोन चौकशीच्या एकशे सत्त्याण्णवला विचार.”

कचेरीबाहेरच्या बूथवरून नीरजाने चौकशीला फोन लावला. पलीकडच्या बाईने नंबर सांगितला. नीरजाने तो लिहून घेतला आणि माझ्यापुढे धरला. आधी गावाचा कोड नव्हता. नंबर रत्नागिरीचाच होता.

फोन उचलणाऱ्याचा आवाज जाड होता. “जलमापन. बोला. नाय नाय, आमी ओरिजनल पोष्टानं कदीच मागवत नाय. समक्ष घेऊन यायचे, बघून लगेच परत देतो. कुटं म्हंजे? मिरजोळ्यात. एमआयडीसीत मागच्या बाजूला, बर्फाच्या कारखान्याच्या पलीकडे. पाटी आहे, पण ती तिकडच्या बाजूला आहे.”

आमच्या घरापासून सहा-सात किलोमीटर. मी तिथून गेली तीन वर्षं शाळेच्या बेंचांच्या दुरुस्तीसाठी जात होतो.

“शुक्रवारी पाचपर्यंत या. शेवटची तारीख आहे,” तो म्हणाला. “ओरिजनल नसतील तर अर्ज घेता येत नाय.”

तिथून आम्ही पोस्टात. काउंटरवर काशीराम होता, राजापूरकडच्या गावातला, मनाने फार सरळ. त्याने पावती बघितली. “मास्तर, पाकीट शनवारीच गेला. पण पेटीचा असेल तर तिकडे काउंटरला पडून राहतो. माणूस येऊन न्यायचा. परत मागवायचा अर्ज करा, मी इथून कळवतो.”

मी अर्ज भरायला घेतला. ‘परत मागवण्याचे कारण’ या रकान्यात दोन ओळींची जागा होती. मी लिहायला सुरुवात केली की सदर पाकीट पाठवताना प्रेषकाने सर्व वाजवी काळजी घेतली होती, तथापि प्रतिपक्षाने भाषेच्या प्रभुत्वाचा गैरवापर करून... जागा संपली. मी समासात शिरलो.

काशीरामने अर्ज हातात घेतला, पावतीशी ताडून बघितला आणि परत दिला. “मास्तर, पाठवणाऱ्याच्या नावात नीरजा आठल्ये आहे. तुमची सही चालायची नाय. तिनं भरायला हवा.”

ते खरं होतं. कागद तिचे, म्हणून पाकिटावर तिचं नाव टाकायची सचोटी मी दाखवली होती. नीरजाने नवा अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘चुकीचा पत्ता’. खाली सही केली आणि पेन मला परत दिलं. माझ्या परिच्छेदात माझा बचाव सोडून काही नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. घरी येताना मी तिला म्हटलं, “माझी चूक झाली.” शिक्षकाला हे वाक्य म्हणायचा सराव नसतो. ते जरा अडखळत आलं.

“मिळतील कागद,” ती म्हणाली. तिला खात्री नव्हती, पण ती म्हणाली.

मंगळवारी काही कळलं नाही. बुधवारी दुपारी काशीरामने निरोप पाठवला की पाकीट पेटीतच होतं, कुणी नेलं नव्हतं, आणि ते परत निघालं आहे. उमाने त्या दिवशी शिरा केला. गुरुवारी पाकीट आलं नाही. नेने गच्चीवरून म्हणाले की परतीचं टपाल नेहमी उशिरा येतं, बँकेचा त्यांचा अनुभव आहे. मी त्या दिवशी गच्चीखालून जायचं टाळलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघंही घराला कुलूप लावून पोस्टात हजर झालो. काशीरामने आम्हाला बघितलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, तो सकाळच्या गाडीनं आला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर द्यायला पोस्टमन घेऊन गेला पण. तुमच्या घरी.”

आम्ही धावत घरी. दाराच्या कडीत चिठ्ठी होती : ‘घर बंद. उद्या येईन.’ पुढे सही.

उद्या शनिवार होता.

मालनवहिनी दारात होत्या. “मी म्हटलं त्याला, माझ्याकडे दे. तो म्हणाला, जिच्या नावावर आहे तिच्याच हातात देणार. आणि गेला जेट्टीकडे.” काही माणसं नियमाने वागतात आणि आपल्याला त्यांचा राग येतो, तो क्षण हाच.

नेन्यांनी एव्हाना स्कूटर बाहेर काढली होती. आयुष्यात प्रथमच ते सल्ला न देता म्हणाले, “बस मागे.” नीरजा बसली. मीही बसलो, कारण मागे राहणं मला शक्य नव्हतं. तीन माणसांना घेऊन ती स्कूटर मांडवीच्या चढावर निम्म्यात थांबली. मी उतरलो आणि ढकलायला लागलो. शाळेची मधली सुट्टी झाली होती. आठवी अ आणि ब या दोन्ही तुकड्यांनी कुंपणाशी येऊन हे दृश्य बघितलं. एकाने तर “सर, मी येऊ का?” असं विचारलं. मी त्याला वर्गात जायला सांगितलं.

पोस्टमन जेट्टीजवळच्या टपरीवर चहा पीत होता. त्याने नीरजाकडे ओळखपत्र मागितलं. कॉलेज संपल्यामुळे तिचं ओळखपत्र कॉलेजने काढून घेतलं होतं. बाकीची सगळी ओळख त्या पाकिटातच होती. पोस्टमनने पाकिटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग धापा टाकत येणाऱ्या माझ्याकडे बघितलं.

“आठल्ये सर ना? मी एक्क्याण्णवच्या बॅचचा. तुम्ही मला ‘पोष्ट’ लिहिल्याबद्दल पन्नास वेळा ‘पोस्ट’ लिहायला लावलं होतं.” त्याने वही पुढे केली. “सरांची मुलगी म्हणून ओळखतो. कर सही.”

पावणेचारला आम्ही मिरजोळ्यात. एका भाड्याच्या शेडमध्ये संस्था होती. टेबलाशी फोनवरचा जाड आवाज बसला होता. धाकू शेलार त्यांचं नाव. कारकून तेच, भांडारपाल तेच. त्यांनी कागद बघितले, नीरजाचा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि कागद लगेच तिच्या हातात परत दिले. सगळं मिळून सात मिनिटं.

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. “काल एक मुलगी आली होती, सानवी म्हणून, लांज्याकडची. ओरिजनल नव्हते. म्हणाली, तुमालाच तर पाठवलेत. मला वाटलं, पोरगी काय तरी थापा मारते. परत पाठवली हो मी तिला.”

नीरजाने विचारलं, “कधी पाठवलेत तिने?”

“परवा, म्हणाली.”

“मग अजून परत येऊ शकतात.” तिने तिथूनच काशीरामला फोन लावला. शेलारांनी रजिस्टर काढून सानवीच्या शेजारच्या दुकानाचा नंबर शोधला. तिच्या वडिलांशी मी बोललो. ते हळूच म्हणाले, “चूक माझीच झाली. पान इतकं चांगलं होतं.” मी म्हटलं, “मीही तेच केलं. मी मराठीचा शिक्षक आहे.” पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. माझ्या मानहानीचा आजवर इतका चांगला उपयोग झाला नव्हता.

शेलारांनी वरिष्ठांना फोन करून असल्या मुलांना कागदांसाठी दहा दिवसांची मुदत मिळवली. मग ते मला संकोचून म्हणाले, “सर, आपल्या साइटवर सूचना टाकायला हवी, बनावट पत्त्याबद्दल. टायपिंग मीच करतो. तुमी लिहून द्याल काय?”

“द्या कागद,” मी म्हटलं. “आणि आणखी एक. काही किरकोळ दुरुस्त्या आहेत.”

“किती?”

“बासष्ट.”

ते रागावले नाहीत. त्यांनी दोन चहा मागवले. साडेसातपर्यंत आम्ही बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पोलिसात तक्रारही दिली. तिथल्या जमादारांनी चोराचं नाव विचारलं, आणि ‘डॉट कॉम’ हे आडनाव आहे का, हा प्रश्न सोडवण्यात थोडा वेळ गेला. पण त्यांनी तक्रार घेतली. महिन्याभरात तो निळा समुद्र उघडेनासा झाला.

सानवीचे कागद सहाव्या दिवशी परत आले. प्रवेश परीक्षेत ती सातवी आली, नीरजा अकरावी. दोघींना जागा मिळाली. काशीरामने पेढे मागून घेतले, आणि नेन्यांनी गच्चीवरून जाहीर केलं की हळू उघडते ती सरकारी, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते खरं असल्यामुळे मी गच्चीवरही पेढे पाठवले.

ऑक्टोबरात पहिल्यांदा संस्थेची लाँच विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रात गेली. उमा आणि मी जेट्टीवर उभे होतो. नीरजाने अंगापेक्षा मोठं नारिंगी जॅकेट घातलं होतं. तिने आमच्याकडे एकदाच बघितलं आणि मग सानवीबरोबर एका यंत्रावर वाकली. लाँच बारीक होत गेली. उमा म्हणाली, “डबा दिलाय तिला, पण ती खाईल ना?” मी म्हटलं, खाईल.

संध्याकाळी ती खारट, काळवंडलेली, दमून घरी आली. जेवताना मी विचारलं, “मग, काय मोजलंत?”

“जेट्टीच्या टोकाशी, ओहोटीला, तीन मीटर वीस सेंटिमीटर,” ती म्हणाली. “गाळ धरून.”

मी त्या जेट्टीवर पन्नास वर्षं फिरायला जात होतो. खाली किती पाणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिला आमटी वाढली आणि तिचं बाकीचं ऐकत बसलो.